अक्कांच्या गाडीखालचा पुठ्ठा

नोकरीला लागून वर्षही झालं नव्हतं, तेव्हा मी कोहळ्याच्या पाण्यापायी कारखान्याचं एक फोर्कलिफ्ट खोलून ठेवलं होतं. खोललं म्हणजे नुसतं झाकण काढलं असं नाही. पंप बाहेर, नळ्या बाहेर, सगळं बाकावर ओळीने मांडून, आणि मी त्यामागे उभी. दुकान मांडून बसलेल्या बोहारणीसारखी.

मी मिरजेची. आमच्याकडे खंडेनवमीला हत्यारांना हळदकुंकू आणि झेंडूचं फूल वाहिलं की देव आणि हत्यारं दोघंही समाधानी. बंगळुरातली आयुधपूजा मी पाहिलेली नव्हती. इथे कोहळ्याला वरून भोक पाडून आत कुंकू भरतात, वर कापूर पेटवून गाडीवरून ओवाळतात, आणि गाडीपुढे धाडकन आपटतात. पूजेच्या दिवशी मी मिरजेला. सुट्टी संपवून आले, तर फोर्कलिफ्टखाली लाल थेंब. आमच्या कारखान्यात हायड्रॉलिकचं तेल लाल असायचं. फोर्कलिफ्ट, खाली थेंब, आणि तोही लाल! नव्याकोऱ्या पदवीला आणखी काय हवं? मी खडूने भोवती रिंगण आखलं, ‘चालवू नये’ अशी पाटी लावली आणि पान्हे मागवले. माल चढवायचा थांबला, ट्रक फाटकाबाहेर रांगेत उभे राहिले. बऱ्याच वेळाने खालच्या पत्र्यावर हात घातला तेव्हा बोटांना लागला एक लाल लगदा, आणि लगद्यात एक चपटी पांढरी बी. कोहळ्याची.

एवढ्यावर भागलं असतं तर मी ही गोष्ट चाळीस वर्षं लपवली नसती. घाईघाईत पंप परत जोडला, तर तो खरोखरच गळायला लागला. आता लाल थेंब पडत होते ते अस्सल तेलाचे. साहेब आले, त्यांनी बी हातात घेऊन निरखली आणि शांतपणे म्हणाले, “पुढच्या वर्षी कोहळा आणू नका. हा पंपच फोडू.”

त्या पोरीला आज गाठता आलं असतं तर मी तिच्या हातातला पान्हा काढून घेतला असता आणि फडकं दिलं असतं. आमच्या धंद्याची सगळी अक्कल त्या फडक्यात आहे. आधी पुसा, मग बघा, आणि न गळणारी वस्तू उघडू नका. उघडली की ती गळते.

धंदा म्हणजे काय, तेही सांगते. आमच्या कारखान्यात डिझेल इंजिनं बनत. तयार झालेलं इंजिन एका खोलीत बांधून चालवायचं आणि कुठून काही गळतंय का, ते बघायचं. निवृत्त होईपर्यंत मी हेच बघत आले. लोक देवळात जाऊन मूर्तीकडे बघतात, मी जमिनीकडे बघायची सवय लागलेली बाई. आमचे हे म्हणतात, लग्नाच्या मांडवातही मी यांच्या पायाखाली बघत होते. तसं नव्हतं. मी लाजत होते. पण आता कोण ऐकतंय?

निवृत्तीनंतर येलहंक्याच्या आमच्या इमारतीत माझी ही कीर्ती पसरली. पहिला खटला आला तो रहिवासी संघाच्या अध्यक्षांचा. पार्किंगमधल्या नव्या फरशीवर तेलाचा डाग पडला होता. शेजारच्या गाडीचा मालक म्हणे डाग अध्यक्षांच्या गाडीचा, अध्यक्ष म्हणे त्याच्या. मोबाइलवरच्या गटात दोघांचं तुंबळ युद्ध. मी खाली गेले, डागावर बोट टेकवलं आणि वास घेतला. हिंग! अध्यक्षीणबाई बॉनेटवर लोणच्याची बरणी उन्हात ठेवत असत. इंजिन ऑइलला कशाचाही वास येईल, हिंगाचा येत नाही. निकाल ऐकून अध्यक्ष म्हणाले, “मॅडम, हे गटावर टाकू नका.” मी टाकलं. मी अशी होते, हे पुढच्या गोष्टीसाठी ध्यानात ठेवा. मला सापडलेली गोष्ट माझ्या पोटात राहायची नाही. ज्याची गळती शोधायची त्याच्यापेक्षा मीच जास्त गळायची.

आता अक्का. अक्का म्हणजे आमच्या ह्यांची थोरली बहीण, माझ्या वन्सं. सासरचं घराणं बंगळुरात कित्येक पिढ्यांपूर्वी येऊन वसलेलं. त्यांच्या मराठीत निम्मी कन्नड, ‘ठीक आहे’ला ‘सरी’ आणि आईला सगळे अम्मा म्हणतात. अक्का मल्लेश्वरमला एकट्या राहतात. यजमान गेले त्याला बरीच वर्षं झाली. त्यांनी मागे ठेवलेली छोटी पांढरी गाडी अक्का अजून चालवतात. मंडईत जातात, भजनाच्या मैत्रिणींना घरून उचलतात आणि परत सोडतात, मनात आलं की येलहंक्याला येऊन माझ्या आमटीला नावं ठेवतात. ती गाडी नसती तर अक्का म्हणजे तिसऱ्या मजल्यावरची एक खिडकी झाल्या असत्या.

हे त्यांच्या मुलाला, श्रीधरला कळत नव्हतं असं नाही. मुलगा गुणी आहे. इंदिरानगरला राहतो, रोज फोन करतो. पण गाडीखाली तेल पडायला लागलं आणि त्याच्या काळजीला दार सापडलं. त्याने गाडी वर्कशॉपमध्ये दाखवून आणली. तिथे सांगितलं, इंजिनाच्या मागचं सील गेलंय, गिअरबॉक्स उतरवावा लागेल, एवढ्या जुन्या गाडीवर एवढा खर्च करू नका. श्रीधरने गिऱ्हाईकही बघून ठेवलं. मग एका रविवारी आम्हाला जेवायला बोलावलं आणि भात वाढता वाढता विषय काढला.

“अम्मा, गाडी गळतेय. वयही झालंय.”

“कुणाचं?” अक्कांनी विचारलं.

“गाडीचं गं.”

“गाडी गळते, मी नाही. टॅक्सीवाल्याला मी दहादा सांगू का स्वल्प हळू चालव म्हणून?”

श्रीधर माझ्याकडे वळला. “मामी, तुम्हीच सांगा.”

तोंडात घास होता तो गिळून मी म्हणाले, “आधी बघू दे तरी मला.” हे माझ्या तोंडून निघालं ते अक्कांच्या प्रेमापोटी निघालं, असं लिहायला मला आवडलं असतं. खरं म्हणजे दुसऱ्या कुणीतरी निदान केलंय आणि मी नाही, हे मला झोंबलं होतं.

श्रीधरने थोडा विचार केला. “सरी मामी. पुढच्या रविवारी मी येईन. गाडीखाली पुठ्ठा ठेवा. कोरडा असला तर मी गाडीचं नाव काढणार नाही. पण कारण मला कळायला हवं. आणि अम्माचं काही चुकत असेल, ती काही विसरत असेल, तर तेही लपवायचं नाही. गाडीपेक्षा मला तीच काळजी आहे.”

अक्का ताटाकडे बघत भाताचे ढीग करत होत्या.

दुसऱ्या दिवशी मी पिशवीत फडकी, ब्रश, बॅटरी, लहान आरसा आणि पान्ह्यांची गुंडाळी घालून मल्लेश्वरमला मुक्कामाला गेले. कामाला सुरुवात पुठ्ठ्यापासून. फ्रिजचं जुनं खोकं फाडून गाडीखाली सरकवलं. पुठ्ठ्यावर दोन गोष्टी कळतात: काय पडतंय आणि कुठे पडतंय. स्वच्छ पाणी असेल तर ते एसीचं, घाबरू नये. हिरवट किंवा गुलाबी, गोडसर वासाचं असेल तर रेडिएटरचं. काळपट तपकिरी आणि बोटाला बुळबुळीत, तर इंजिन ऑइल. आमचं तेच होतं, आणि पडत होतं इंजिन आणि गिअरबॉक्स जिथे जोडलेत बरोबर तिथे. मागच्या सीलची गळती तिथेच दिसते. म्हणजे त्या मेकॅनिकने आकाशातून काही काढलं नव्हतं.

पण तेल वरून खाली येतं, हे तेलाला कुणी शिकवावं लागत नाही. वर कुठेतरी पाझरलं की इंजिनाच्या पाठीवरून ओघळत सगळ्यात खालच्या टोकाला जमतं आणि तिथून टपकतं. गाडी धावत असली की वारा त्याला आणखी मागे ढकलतो. म्हणून जिथे टपकतं तिथे बघायचं नाही. सगळ्यात वर जिथे ओल आहे, तिथे बघायचं. आरसा आणि बॅटरी घेऊन मागे बघितलं, तर इंजिनाच्या डोक्यापासून खालपर्यंत चिकट काळा पट्टा.

थंड इंजिन केरोसीन आणि ब्रशने घासून पुसून लख्ख केलं, बॉनेट उघडं ठेवून वाळू दिलं. मग म्हटलं, “अक्का, पावडर द्या.”

“कसली?”

“तोंडाला लावायची.”

“इंजिनाला?”

“हो. ओलं कुठे होतं ते पावडरीवर लगेच दिसतं.”

अक्का आत गेल्या आणि गुलाबाच्या वासाचा डबा घेऊन आल्या. “ही माझी चांगली आहे. जपून टाक. तुझ्या चेहऱ्याला लावल्यासारखी फासू नको.”

इंजिनाच्या पाठीवर पावडर भुरभुरवली, गाडी जागेवरच चालू ठेवली आणि दोघी पदर खोचून बॉनेटमध्ये वाकून उभ्या राहिलो. समोरच्या गॅलरीतून कुणीतरी आमचा फोटो काढला. थोड्याच वेळात टॅपिट कव्हरच्या, म्हणजे इंजिनाच्या डोक्यावरच्या टोपीच्या मागच्या कडेला पावडर करडी झाली आणि तिथून एक बारीक रेघ खाली धावली. खालचं सील ज्या जागी असतं, तिथली पावडर पांढरीशुभ्र.

मला जो आनंद झाला तो काय सांगू! टोपीखालचं रबराचं पॅकिंग बदललं की झालं. त्याला गिअरबॉक्स उतरवावा लागत नाही. साडी नेसूनसुद्धा होतं. स्पेअर पार्टच्या दुकानात गेले, तर काउंटरवरच्याने विचारलं, “मेकॅनिक आला नाही का?” मी म्हटलं, “आलाय की. तुमच्यासमोर उभा आहे.” त्याने एकदा माझ्याकडे आणि एकदा माझ्या चपलांकडे बघून पॅकिंग दिलं.

जुनं पॅकिंग काढलं ते शिळ्या भाकरीच्या काठासारखं कडक. खोबण खरवडून साफ केली, नवीन बसवलं, बोल्ट एकदम न आवळता समोरासमोरचे, थोडे थोडे आवळले. जास्त आवळलं की पॅकिंग चेंबतं आणि गळती आपल्या हाताने आणलेली असते. सगळं करून मी अक्कांच्या बैठकीत कॉफी घेत एक लहानसं व्याख्यान दिलं. निदान कसं करावं, हल्लीच्या वर्कशॉपना घाई कशी असते, अनुभव म्हणजे काय. अक्का ऐकत होत्या. भजनातल्या एका मैत्रिणीला फोनवर सांगत होत्या, “आमची मालती आहे ना, तिने पावडर लावून शोधलं!”

सकाळी पुठ्ठ्यावर पुन्हा तेल. आणि आता एका जागी नाही. नवीन पॅकिंगच्या कडेला ओल, पुढच्या बाजूला ओल, वाफ बाहेर सोडणाऱ्या नळीच्या तोंडाशी तर चक्क थेंब लोंबत होता. गॅलरीतला फोटोवाला विचारत होता, “आंटी, झालं का?”

अक्का पायरीवर उभ्या होत्या. “सरी,” एवढंच म्हणाल्या. आणि मग हळूच, “तो श्री रविवारी सकाळीच येतो गं.”

व्याख्यान देणारी बाई आता गॅरेजच्या पायरीवर बसली. एक गळती म्हणजे एक जागा खराब. पण तीन जागी एकदम गळती, तीही नव्या पॅकिंगमधून, म्हणजे दोष पॅकिंगचा नाही. आत दाब वाढलाय. इंजिन चालताना पोटात वारा धरतं. तो वारा बाहेर जायला एक नळी असते. ती तुंबली किंवा आत तेल फार झालं, की वारा मिळेल त्या फटीतून तेलच बाहेर ढकलतो. नळी काढून बघितली. आत तेलाचा चिकटा होता, पण वाट मोकळी होती.

मग मी डिपस्टिक, म्हणजे तेल मोजायची सळई, ओढली. हो, तेव्हा पहिल्यांदा ओढली. आमच्याकडे नवा शिकाऊ पोरगा यायचा, त्याला फाटकातून आत येता येता हे शिकवत: आधी डिपस्टिक. मी तर आल्याआल्या अक्कांना विचारलं होतं, “तेल आहे ना?” आणि अक्का म्हणाल्या होत्या, “भरपूर.” मी मान डोलावून पुढे गेले होते. डिपस्टिकवर वर आणि खाली अशा दोन खुणा असतात. तेल त्यांच्या मध्ये हवं. इथे तेल वरच्या खुणेच्या कितीतरी वर, जवळजवळ मुठीपर्यंत. पोटभर जेवलेल्या माणसाला आणखी पाच लाडू खायला घालून पळवावं, अशी त्या इंजिनाची गत होती.

एवढं तेल आलं कुठून, ते शुक्रवारी कळलं. मी स्वयंपाकघराच्या खिडकीशी चहा घेत होते. अक्कांची पूजा झाली. देवापुढच्या नंदादीपात त्यांनी काठोकाठ तेल घातलं, हात पुसले, फळीवरचा इंजिन ऑइलचा पिवळा डबा आणि एक वाटी घेतली, खाली गेल्या, बॉनेट वर केलं, टोपण फिरवलं आणि एक वाटी इंजिनात ओतली. टोपण लावून गाडीला नमस्कार केला आणि वर आल्या. यजमान जाताना सांगून गेले होते, ‘गाडीत तेल कमी पडू देऊ नकोस, इंजिन जाईल.’ हे अक्कांनीच मला पूर्वी कधीतरी सांगितलं होतं, मी लक्ष दिलं नव्हतं. अक्कांनी ते व्रत केलं होतं. दिव्यातलं तेल जळतं, म्हणून घालत राहावं लागतं. इंजिनातलं तेल जळत नाही, नुसतं फिरतं. तेल जास्त झालं म्हणून गळायचं, खाली थेंब दिसले की अक्कांना वाटायचं कमी पडतंय, म्हणून पुढच्या शुक्रवारी भरलेली वाटी.

माझ्या जिभेवर सगळं आलं होतं. अगदी टोकावर. चाळीस वर्षांत इतकं सुरेख निदान मी केलं नव्हतं! आणि कुणाला सांगायचं? श्रीधरला सांगितलं तर त्याला हवा तो पुरावा मिळाला: अम्माचं चुकतंय. अक्कांना सांगितलं तर त्या मुलाशी खोटं बोलणाऱ्यातल्या नाहीत, जेवायच्या आधी स्वतःच कबूल करून किल्ली त्याच्या हातात ठेवतील.

आणि श्रीधरची काळजी खोटी होती का? हाही प्रश्न मला पडला. म्हणून मी त्या दोन दिवसांत काही ना काही निमित्त काढून अक्कांच्या शेजारी बसून फिरले. मंडईत, बँकेत, मुद्दाम गर्दीच्या वेळी. अक्का आरशात बघत होत्या, सिग्नलला थांबत होत्या, मागून भोंगा वाजवणाऱ्याला शिव्या देत होत्या त्याही कन्नडमध्ये आणि व्याकरणशुद्ध. डोळे, कान, पाय ठीक. चूक होती ती एका वाटीची.

शुक्रवारी संध्याकाळी मी गाडी अडवून धरली म्हणून अक्का रिक्षाने भजनाला गेल्या, तेव्हा मी डिपस्टिकच्या नळीतून बारीक नळी आत घातली आणि मोठ्या सिरिंजने तेल ओढत बसले. हे काम सावकाश चालतं. रक्त काढणाऱ्या नर्ससारखी मी, आणि इंजिन निमूट. तेल खुणेखाली आलं, तशी सगळं परत पुसलं. जादा तेल बाटलीत भरलं, पिवळा डबा माझ्या पिशवीच्या तळाशी, साडीखाली. अक्का आल्यावर म्हणाले, “नवीन पॅकिंगला बसायला वेळ लागतो. आता वरचं टोपण अजिबात उघडायचं नाही. मी येईन तेव्हा मी बघेन.” इंजिनिअर म्हणून मी मारलेली ही पहिली शुद्ध थाप. कुठल्याच पॅकिंगला असली मुदत नसते.

“सरी,” अक्का म्हणाल्या.

रविवारी श्रीधर आला तो थेट गाडीपाशी. पँटची काळजी न करता गुडघ्यावर बसला, पुठ्ठा ओढून काढला, उजेडात धरला, बोट फिरवलं. अक्का वर खिडकीत होत्या, पण खाली बघत नव्हत्या. तुळशीला पाणी घालत होत्या. कुंडी भरून पाणी बाहेर वाहत होतं.

“कोरडा आहे,” श्रीधर म्हणाला. “कारण?”

“पॅकिंग कडक झालं होतं. वरून पाझरून खाली टपकत होतं. मागचं सील ठणठणीत आहे.”

“एवढंच?”

“एवढंच.”

“अम्माचं काही...?”

“तुझी अम्मा गाडी चालवते. पॅकिंग बनवत नाही.”

त्याने माझ्याकडे जरा जास्त वेळ बघितलं. हुशार मुलगा आहे. मग पुठ्ठा दुमडून कचऱ्यात टाकला आणि तिथूनच गिऱ्हाइकाला फोन लावून गाडी विकायची नाही म्हणून सांगितलं. मी बरोबर केलं का, हे मला आजही नीट माहीत नाही. नोकरीत असं अर्धं कारण कुणी सांगितलं असतं तर मी त्याला दाराबाहेर उभं केलं असतं. छापायला मात्र भीती नाही. श्रीधरला मराठी बोलता येतं, वाचता येत नाही.

संध्याकाळी अक्काच मला येलहंक्याला सोडायला आल्या. वाटेत आमटीत चिंच किती घालावी यावर बोलल्या, दुसऱ्या कशावर नाही. आमच्या फाटकाशी मी उतरले, पिशवी सावरली, आत डबा बाटलीवर आपटून वाजला. मी न वाजल्यासारखं केलं. अक्कांनी काच खाली घेतली, इंजिन चालूच ठेवलं आणि म्हणाल्या, “डबा तुझ्याकडेच राहू दे, मालती. फळीवर दिसला नाही तेव्हाच मला कळलं, काय चुकलं ते. पण तुझ्या पोटात एक गोष्ट राहिली, हे मी कुणाला सांगितलं तरी आपल्या घरात खरं वाटणार नाही.”